कुत्र्यापासून सावध

माझ्या हातून पहिला कुत्रा उतरला तो पत्र्यावर, एनॅमल पेंटमध्ये. फूट बाय दीड फुटाचा पत्रा, पिवळी जमीन, लाल अक्षरांत ‘कुत्र्यापासून सावध राहा’ आणि डाव्या कोपऱ्यात जीभ बाहेर काढलेला अल्सेशियन. लोणावळ्यात तुंगार्लीपासून पार खंडाळ्यापर्यंत बंगल्यांच्या फाटकांवर असे किती पत्रे रंगवून टांगले, त्याची मोजदाद नाही. तळेगावात ज्या उस्तादांच्या हाताखाली मी पाट्या रंगवायला शिकलो, त्यांनी पुठ्ठ्याचा एक छाप कापून ठेवला होता. छाप पत्र्यावर धरायचा, कडेने खडू फिरवायचा, काळा, तपकिरी आणि जिभेपुरता लाल असे तीन रंग भरायचे, की वीस मिनिटांत कुत्रा तयार. आत पामेरियन असो, डॉबरमन असो की कुत्रंच नसो, फाटकावर तोच अल्सेशियन. गिऱ्हाइकाची तक्रार नाही, कुत्र्याची तर नाहीच.

एकदा तुंगार्लीच्या एका बंगल्यावर पाटी टांगत होतो, तर आतून सत्तरीच्या एक बाई काठी टेकत आल्या. पाटीकडे बघून म्हणाल्या, “पेंटर, हा कोण?”

“कुत्रा, बाई.”

“कुणाचा?”

मी गप्प. बाईंच्या पायाशी एक लांबोडका, आखूड पायांचा डॅशहाउंड उभा होता. पोट जवळजवळ फरशीला टेकलेलं, डोळ्यांवर झोप. बाई म्हणाल्या, “आमचा हा आहे. सावध राहण्यासारखं ह्याच्यात काही नाही, पण काढायचा तर ह्याला काढ.”

मी छाप बाजूला ठेवला आणि पायरीवर बसलो. वीस मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार गेली. पत्र्यावर जे उतरलं ते डॅशहाउंड आणि मुंगूस यांच्या मधलं काहीतरी होतं, पण झोपेचा डोळा मात्र त्याचाच आला होता. बाईंनी ठरल्याच्या दुप्पट पैसे दिले. पुढे कधी गेलो तेव्हा बघितलं, पाटी फाटकावर नव्हती, जेवणघरात होती, ‘सावध राहा’ ह्या अक्षरांसकट.

2003-04 च्या सुमारास फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत आमचा धंदा बसला. उस्तादांनी ब्रश धुऊन ठेवले ते ठेवलेच. मला ‘कुणाचा?’ हा बाईंचा प्रश्न पुरला.

तैलरंग मी शिकलो ते तळेगावच्या एका निवृत्त ड्रॉइंगच्या सरांकडे. रविवारी सकाळी लोकल पकडून जायचो, घोरावाडीहून तळेगाव म्हणजे एकच स्टेशन. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “वर्षभर केस काढायचे नाहीत.” मला वाटलं, चेष्टा करतायत. कुत्रा काढायचा आणि केस काढायचे नाहीत? पण सर अजिबात चेष्टेच्या मूडमध्ये नव्हते. डोळे किलकिले करून बघायला लावायचे. किलकिल्या डोळ्यांनी कुत्रा पाहिला की केस दिसेनासे होतात. उजेडाचा एक भाग आणि सावलीचा एक भाग, एवढंच उरतं. ते दोन भाग मोठ्या सपाट ब्रशने लावायचे. तिसरा रंग उचललात की सर मागून ब्रश काढून घ्यायचे.

सरांकडे कलेच्या इतिहासाचं एक सुटत आलेलं इंग्रजी पुस्तक होतं. त्यातली दोन चित्रं ते शेजारी शेजारी ठेवत. एक यान व्हान आइकचं, 1434 सालचं, नवरा-बायकोचं. दोघांच्या पायाशी एक झिपरं पिल्लू आहे. त्याचा केस न् केस सुटा रंगवलाय. दुसरं व्हेलास्केझचं, 1656 चं, ‘लास मेनिनास’. त्यात पुढे एक थोराड कुत्रा बसलाय, एक पोर त्याच्या अंगावर पाय देतंय, आणि त्याला त्याचं काही नाही. त्या कुत्र्याला केस असा एकही नाही, रुंद ब्रशचे फटकारे आहेत. पण हात लावला तर ऊन लागेल असं अंग आहे. सर म्हणायचे, “पहिल्यासारखं काढायला आयुष्य पुरणार नाही. दुसऱ्यासारखं काढायलाही पुरणार नाही, पण निदान सुरुवात तरी होईल.”

आता इतक्या वर्षांनी माझा हिशेब असा बसलाय: केस दाखवायचे ते फक्त वळणांवर. कानाच्या कडेला, छातीवरच्या भोवऱ्यात, शेपटीखाली, आणि उजेड संपून सावली सुरू होते त्या सीमेवर. तिथे रंग ओला असतानाच फिल्बर्ट ब्रशने कड मोडायची. बाकी अंगावर केस काढायचे नाहीत, बघणाऱ्याचा डोळा ते स्वतःच काढून घेतो. आणि जे चार फटकारे माराल त्यांची दिशा चुकता कामा नये. नाकाच्या दांड्यावरचे केस नाकाकडून कपाळाकडे वर जातात, डोळ्यांपाशी फाटा फुटून बाजूला वळतात, गालावरून मागे, मानेवरून खाली. ह्या वाहण्याच्या उलट एक जरी फटकारा गेला तरी कुत्रं आजारी दिसायला लागतं. का, ते गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. तो नुसता म्हणतो, “काहीतरी चुकतंय.”

पहिलं मोठं काम आलं ते काळ्या लॅब्राडॉरचं, आणि त्यात मी सपशेल आपटलो. काळा कुत्रा, म्हणून आयव्हरी ब्लॅकची अख्खी ट्यूब पिळली, जवसाचं तेल सढळ हाताने घातलं आणि तळाचा थर दिला. वरून वाळल्यासारखा दिसला म्हणून पातळ, टर्पेंटाइन जास्त असलेले थर त्यावर चढवले. चित्र गेलं, पैसे आले. दीड वर्षाने चित्र परत आलं. लॅब्राडॉरच्या पाठीवर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा पडल्या होत्या.

तैलरंग पाण्यासारखा वाळत नाही. पाणी उडून जातं; तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, उलट वजनाने थोडं वाढतंच. म्हणून खालचा थर कमी तेलाचा, लवकर घट्ट होणारा हवा आणि वरचा जास्त तेलाचा, लवचीक. मी नेमकं उलटं केलं होतं. वरचा पापुद्रा आधी कडक झाला आणि खालचा थर त्याच्या पोटात सरकत राहिला. त्यात आयव्हरी ब्लॅक वाळायला सर्वांत आळशी. नाव हस्तिदंताचं असलं तरी आता तो जाळलेल्या हाडांपासून करतात. कुत्र्याच्या चित्राला हाडांचा रंग, हे तसं योग्यच. पण तळाला नको. आता मी काळ्या कुत्र्याला तळाशी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून लावतो. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो भराभर वाळतो. शिवाय ह्या दोघांचा काळा जिवंत असतो; अंबर वाढवला की उबदार, अल्ट्रामरीन वाढवला की थंड. काळ्या कुत्र्याची पाठ भर दुपारी चक्क निळी असते. विश्वास नसेल तर बारा वाजता बघा.

पांढऱ्या कुत्र्यात तर पांढरा रंग सगळ्यात शेवटी आणि चिमूटभर लागतो. लोणावळ्याच्या जुन्या बंगल्यांत लाल कोब्याची फरशी असते. तिच्यावर पामेरियन बसलं की त्याचं पोट गुलाबी होतं आणि खिडकीकडची पाठ निळसर. नवखा माणूस त्याला ट्यूबमधला पांढरा फासतो आणि मग सावली म्हणून राखाडी. झालं पिठाचं पोतं.

त्या भेगाळलेल्या लॅब्राडॉरचं चित्र मी फुकट नव्याने करून दिलं. जुनं अजून माझ्याकडे आहे, दाराच्या आतल्या बाजूला. शिकायला येणाऱ्या पोरांना आधी ते दाखवतो.

बघता बघता कामं वाढली. मुंबईचे बंगलेवाले, तळेगावात नव्याने राहायला आलेले, एकदोन निगडी-प्राधिकरणातले. आणि हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली: कुत्रं जिवंत असताना चित्र सांगायला फारसं कुणी येत नाही. ते गेल्यावर येतात. मोबाइल पुढे करतात, त्यात दोन-तीनशे फोटो असतात, आणि “ह्यातला कुठलाही घ्या” असं म्हणताना आवाज बदलतो. पूर्वी हे लोक दगड बसवायचे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला पालखीचा मान होता, असं सांगतात. इंग्रजांकडे लँडसीअरने 1837 साली मेलेल्या मेंढपाळाच्या शवपेटीला हनुवटी टेकून बसलेलं कुत्रं रंगवलं. त्या चित्रातला चेहरा मला तितकासा भावत नाही, जरा रडवा आहे. पण ती हनुवटी पेटीवर ज्या वजनाने टेकलीय ना, त्या वजनासाठी मी त्या छापील चित्राकडे पुन्हा पुन्हा जातो.

वजन. माझी सगळी अडचण तीच होती. फोटोत चेहरा असतो, वजन नसतं.

मोबाइलचा फोटो माणूस उभ्याने काढतो, कुत्रं खाली बसलेलं. म्हणजे डोकं भलं मोठं, अंग खाली निमुळतं होत गेलेलं. किंवा अगदी तोंडाजवळ मोबाइल नेऊन काढलेला, त्यात नाक बटाट्याएवढं आणि कान पार मागे. फ्लॅश असेल तर डोळे हिरवे पेटलेले, कारण कुत्र्याच्या डोळ्याच्या मागे उजेड उलटा फेकणारा आरशासारखा पडदा असतो. आणि पंजे हटकून कापलेले. लोक पंजांचे फोटो काढत नाहीत. तीनशे फोटोंत मला एक पूर्ण पंजा मिळत नाही. सुरुवातीला मी फोटो जसाच्या तसा उतरवायचो. लोक म्हणायचे, “हुबेहूब फोटोसारखं झालंय हो.” आणि चित्र दिवाणखान्यात न लागता आतल्या खोलीत लागायचं. मला कळत होतं, फाटकावरचा अल्सेशियन गेला आणि मोबाइलचा छाप आला. छाप तो छापच.

ह्यावरचा उपाय घोरावाडी स्टेशनवर सापडला.

स्टेशन एवढंसं. मेल-एक्सप्रेस न थांबता धाडधाड निघून जातात, थांबतात त्या लोकल. दुपारी लोकलला मोठी गॅप असते. तेव्हा फलाटावर माणूस औषधाला नसतो, आणि कुत्री मात्र असतात पाच-सहा. बाकाखाली, पाण्याच्या नळाजवळच्या ओलीत, तिकीटघराच्या सावलीच्या पट्ट्यात. सावली सरकेल तशी ती सरकतात, झोप न मोडता. समोर घोरावडेश्वरचा डोंगर उन्हात पांढरट पडलेला. मी जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून, कोळशाची पेन्सिल घेऊन तिथे बसायला लागलो. पहिल्या दिवशी रेल्वेच्या एका माणसाने विचारलं, “काय काढताय?” दाखवलं, तर म्हणाला, “ही कसली कुत्री काढताय? चांगलं जातीचं तरी बघा.”

पण जात केसांत असते, कानांत असते. खालचा सांगाडा तोच. फलाटावरच्या कुत्र्याच्या अंगावर ना केसांचं जाड पांघरूण ना चरबी, त्यामुळे सगळी बिजागरं उघडी दिसतात. मागच्या पायात जो सांधा मागे वळलेला दिसतो त्याला आपण गुडघा समजतो. ती टाच असते. कुत्रं जन्मभर चवड्यांवर चालतं. खरा गुडघा वर पोटाजवळ, कातडीच्या घडीत. पुढचे पाय तर सांगाड्याला हाडाने जोडलेलेच नसतात, स्नायूंच्या झोळीत टांगलेले असतात. म्हणून कुत्रं पुढून वाकून आळस देतं तेव्हा खांद्याची दोन पाती पाठीच्या कण्याच्याही वर येतात. हे पुस्तकात वाचून समजलं होतं, पण हाताला समजलं ते बाकाखालच्या तांबूस कुत्र्याची शंभरेक रेखाटनं झाल्यावर.

मग मी बेधडक उसनवारी सुरू केली. प्राधिकरणातल्या गोल्डन रिट्रीव्हरचे पंजे तिकीटघराजवळच्या काळ्याचे. खंडाळ्याच्या बॉक्सरची छाती नळाजवळच्या भुऱ्याची. चेहरा फोटोवरून, रंग मालकाला विचारून, आणि अंग फलाटावरचं. एकदा एक कारवान जातीची कुत्री काढायची होती, शिकारीची, चाबकासारखी. तिच्या अंगावर केस इतके तोकडे की लपवायला जागाच नाही, बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी लागते. ते चित्र मी निम्मं स्टेशनवरच केलं म्हणायला हरकत नाही.

गिऱ्हाइकांना हे सांगत नाही. सांगितलं तर कागदपत्रंवाल्या कुत्र्याच्या अंगात फलाटावरचं रक्त मिसळल्यासारखं वाटायचं काहींना.

डोळ्याचं मात्र उसनं चालत नाही. डोळा त्याचा त्याचाच लागतो. लहानपणी आजीच्या देवघरावर दत्ताची तसबीर होती, पायाशी चार कुत्री. रविवर्मा प्रेसची आहे, असं आजी अभिमानाने सांगायची. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत काढलेला छापखाना पुढे इथे आमच्या मळवलीला आला, घोरावाडीहून लोकलने पाचवं स्टेशन. 1972 मध्ये तो जळाला. तिथे एकेका छटेला वेगळा दगड लागायचा, आणि वरून व्हार्निश, म्हणजे छापील चित्राला तैलचित्राची चकाकी. तर त्या तसबिरीतली कुत्री मला लहानपणी फार आवडायची आणि थोडी भीतीही वाटायची. का, ते चाळिशीत कळलं. त्यांच्या डोळ्यांत बुबुळाभोवती सगळीकडे पांढरं होतं, माणसाला असतं तसं. कुत्र्याचं पांढरं एरवी दिसतच नाही. घाबरलं किंवा तिरकं बघितलं तरच कोपऱ्यात एक चंद्रकोर दिसते. पांढरं जरा वाढलं की कुत्र्याच्या तोंडावर माणूस येऊन बसतो.

अठरा बाय चोवीसच्या कॅनव्हासवर डोळा चिंचोक्याएवढा असतो. त्या चिंचोक्याला माझी एक पूर्ण सकाळ जाते. आधी पापण्यांच्या काळ्या कडेसकट सगळा डोळा एकाच गडद रंगात, अंबर आणि अल्ट्रामरीन. त्यात बुबुळ बर्न्ट सिएनाचं, पण सगळीकडे सारखं नाही. वरून डावीकडून उजेड येत असेल तर चमक डावीकडे वर असते आणि बुबुळ उजळतं ते उजवीकडे खाली, कारण उजेड डोळ्यात शिरून पलीकडच्या भिंतीला लागतो, विहिरीत ऊन उतरल्यासारखा. तिथे सिएनात किंचित यलो ऑकर. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडलीच पाहिजे, नाहीतर डोळा काचेच्या गोटीसारखा बाहेर येतो. खालच्या पापणीवर ओलाव्याची रेघ, रिगर ब्रशने, श्वास धरून. आणि सगळ्यात शेवटी चमक. चमक पांढरी नसते. खिडकीतलं आभाळ निळं, म्हणून पांढऱ्यात सुईच्या टोकाएवढा अल्ट्रामरीन. एकदा टेकवायचा. पुन्हा हात लावला तर चिखल. जमलं नाही तर नाइफने खरवडून सकाळ पुन्हा पहिल्यापासून.

ती चमक टेकल्यावर खोलीत आपण एकटे राहत नाही. हे लिहायला जरा नाटकी वाटतंय, पण बायकोसुद्धा चहा घेऊन आली की आधी तिकडे बघते.

मावळातला पावसाळा हा तैलरंगवाल्याचा शत्रू. आमच्याकडे लोणावळ्याइतका कोसळत नाही, पण दमट हवा दसऱ्यापर्यंत हटत नाही. मे महिन्यात चार दिवसांत वाळणारा थर श्रावणात पंधरा दिवस चिकट. कॅनव्हासच्या पाठीला बुरशी, फ्रेमच्या पाचरी फुगलेल्या. मी एका जुन्या कपाटात साठचा बल्ब लावून चित्रं आत उभी करतो. मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीची पाखरं दिव्यावर येतात आणि ओल्या रंगावर बसतात. पहिल्यांदा मी घाबरून ती चिमट्याने काढायला गेलो आणि एका सेंट बर्नार्डचा अर्धा गाल घालवला. आता रंग वाळू देतो, मग मऊ ब्रशने झटकतो. पंख गळून पडतात. एका चित्रात एक पंख राहून गेलाय, कानाच्या मागे. चित्र मालाडला आहे. मालकांना अजून दिसलेला नाही. आणि तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, हे पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. जवसाचं तेल घट्ट होताना तापतं, बोळ्यात उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. माझ्याकडे त्यांच्यासाठी पाण्याचा झाकणाचा डबा आहे.

मागच्या वर्षी तळेगाव स्टेशन भागातले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या बाई आल्या. कुत्रा साधा, गावठीतच कुठेतरी अल्सेशियन मिसळलेला, नाव शेरू. तेरा वर्षं काढून गेलेला. फोटो अकरा, सगळे धुरकट. मी घेतलं काम. चेहरा जमला, डोळा दुसऱ्या प्रयत्नात बसला, छाती भुऱ्याची घेतली, पंजे काळ्याचे. दाखवायला बोलावलं. सरांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, “छान आहे. फार छान आहे.” बाई काही बोलेनात. मी विचारलं, “काकू, काय राहिलं?”

“सगळं आहे रे,” त्या म्हणाल्या. “पण हा सरळ बसलाय.”

“म्हणजे?”

“आमचा सरळ नाही बसायचा. एका कुल्ल्यावर बसायचा. म्हाताऱ्या बायका ओट्यावर बसतात ना, पाय एका बाजूला टाकून, तसा. लहानपणापासून.”

अकरा फोटोंत एकातही ते नव्हतं. बसल्या बसल्या बाईंनी स्वतः करून दाखवलं, जमिनीवर, गुडघे दुखत असताना. मी चित्राचा खालचा निम्मा भाग पुसायचं ठरवलं.

फलाटावर एक लंगडी कुत्री आहे. मागचा उजवा पाय कधीतरी मोडून वाकडाच जुळलेला. टपरीवाला तिला चंपी म्हणतो. ती बसते ती अशीच, डाव्या कुल्ल्यावर, उजवी तंगडी बाहेर टाकून. इतकी वर्षं मी तिला टाळत आलो होतो, सांगाडा बिघडलेला म्हणून. आता रोज दुपारी पार्ले-जीचा पुडा घेऊन तिच्यासमोर. कण्याला कमरेपाशी कसा पीळ पडतो, भार डावीकडे गेल्यावर उजवा खांदा कसा उतरतो, तोल राखायला मान कशी किंचित उलटी कलते. म्हणजे चेहराही हलवणं आलं. तयार झालेला, दुसऱ्या प्रयत्नात बसलेला डोळा खरवडताना जिवावर आलं, पण मान कलली की डोळ्याच्या आतला उजेड कलतो, इलाज नव्हता. आठवडाभरात चंपीची आणि माझी इतकी ओळख झाली की मी बाकावर बसलो की ती येऊन पाठ माझ्या पोटऱ्यांना घासायची आणि मग समोर जाऊन बसायची.

दिवाळीनंतर चित्र पुरतं वाळलं. मढवून घेतलं, चादरीत गुंडाळलं आणि सकाळच्या लोकलने निघालो. स्टेशनवर चंपी आली, नेहमीप्रमाणे अंग घासून गेली. सरांच्या घरी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, “हां. बसला.” एवढंच.

त्यांच्याकडे आता एक नवीन कुत्री आहे, वर्षाची. शेरूच्या शेवटच्या दिवसांत दोघं एकत्र होती म्हणे. सर म्हणाले, “थांबा, तिला सोडू या. ओळखते का बघू.” तिला आतून आणलं. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. ती चित्राजवळ गेली, खालच्या कोपऱ्याला नाक लावलं, टर्पेंटाइनच्या वासाने एक सणसणीत शिंक दिली आणि मागे फिरली. मग एकदम थबकली. कान उभे. थेट माझ्याकडे आली आणि माझ्या पँटच्या पोटऱ्यांपाशी नाक खुपसून हुंगत राहिली, डावी, उजवी, पुन्हा डावी, शेपूट हलवत, सर हाका मारत होते तरी तिथून हलेना.